कागदावरचे पणजोबा

जून आला की पुण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांना घाम फुटतो. निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात आणि अख्खं शहर हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून रांगेत उभं असतं. पिशवीत दाखले. यंत्राचं झाकण पडतं, हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो आणि गरम कागदाचा तो करपट वास येतो. लोकांना जून म्हटलं की मातीचा वास आठवतो म्हणे. मला हा आठवतो. परवा मुलीच्या अर्जासाठी अशीच उभी होते. पुढचे गृहस्थ दुकानदाराशी हुज्जत घालत होते, "अहो, जरा सरळ ठेवा ना, वडिलांचं नाव कापलं जातंय." दुकानदार मान वर न करता म्हणाला, "तुमचं आलंय ना? मग वडील असणारच." रांग हसली. मला हसू आलं नाही. मला एक जुना जून आठवला होता.

तेव्हा शतक नुकतंच उलटलं होतं. नवं साल उजाडताच जगभरचे संगणक बंद पडणार, अशी भीती घातली गेली होती. बंद काहीच पडलं नाही, पण त्या भीतीच्या जिवावर माझ्यासारख्या कितीतरी जणींना नोकऱ्या लागून गेल्या. आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे चार पावलांचा व्हरांडा, दारावर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर. अण्णा, म्हणजे माझे वडील, दारूगोळ्याच्या त्या कारखान्यात चेकर होते. सकाळी भोंगा व्हायचा आणि सगळ्या आळीतून एकदम सायकली निघायच्या. त्यानंतर थोड्या वेळाने मी हायवेवर कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायचे. बस हडपसरला जायची. तिथे उसाच्या शेतात काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या आणि त्यातल्या एकीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गारठ्यात, मी टेस्टिंग करायचे. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याला नम्रपणे कळवायच्या. पुण्यात वाढलेल्या माणसाला यातल्या पहिल्या भागाचं प्रशिक्षण लागत नाही.

छंद मला तिथे लागला. माझ्या शेजारी बसणारी सानिका एकदा डब्याच्या वेळी लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत. पंधरा-सोळा पिढ्या, कोण कोकणातून केव्हा वर आलं, कोणाला किती मुलगे. "हा बघ माझा भाऊ," तिने बोट ठेवलं. "आणि तू?" मी विचारलं. "आम्ही मुली कंसात गं," ती म्हणाली. मग सहज, अगदी मीठ मागावं इतक्या सहज, तिने विचारलं, "तुमचा कुठला?"

"आमचा अजून छापायचाय," मी म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. पण संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ते हसू मला टोचायला लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक्सेलची नवी फाईल उघडली, सगळ्यात खालच्या चौकटीत माझं आणि सुजाताचं नाव लिहिलं, त्याच्या वर अण्णा, त्याच्या वर आजोबा. सखाराम. त्याच्या वरची चौकट रिकामी होती आणि ती मला भरायची होती.

छंद लागला की माणसाची लाज सुटते. लग्नात मी नवरीकडे न बघता म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी जाऊन बसायचे. कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला गेलं तरी पंचशील संपताच पिशवीतून वही बाहेर. तुमच्या सासऱ्यांच्या आईचं नाव काय? माहेर कुठलं? लोक कौतुकाने सांगायचे, क्वचित वैतागून. आई म्हणायची, "लोकांच्या मुली दागिन्यांचे डिझाईन विचारतात, हिला मेलेल्यांची नावं हवीत." बाजूच्या फांद्या भराभर भरत गेल्या. आमची मधली फांदी मात्र आजोबांपाशी तुटायची. आमच्या घरात इतिहास धर्मांतरापासून सुरू व्हायचा. त्याच्या आधीचं विचारलं की अण्णांचं एकच उत्तर असायचं, "ते पाण्यात सोडलं." आणि ते शब्दशः खरं होतं. दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी घरातले देव, ताईत, आणि ज्यावर जात लिहिली होती तो स्वतःचा शाळेचा दाखला, असं सगळं एका फडक्यात बांधलं आणि होळकर पुलाखाली मुळेत सोडून दिलं. आम्हाला ही गोष्ट लहानपणापासून अभिमानाने सांगितली जायची. मला आजही तिचा अभिमान वाटतो. फक्त त्या फडक्यात आणखी काय गेलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आजोबा स्वतःही फॅक्टरीतच होते. दुसऱ्या महायुद्धात माणसं हवी होती तेव्हा गावाहून येऊन लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचा एक जुना सेवेचा कागद अण्णांच्या पेटीत होता, त्यावर नाव होतं सखाराम रामजी. म्हणजे पणजोबा रामजी. मग एका रविवारी बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांमध्ये भटकताना मला एक कव्हर गेलेली पुस्तिका सापडली. पहिल्या महायुद्धात आमच्या तालुक्यातून कोणत्या गावचे कोण कोण गेले, त्यांची यादी. दौंडच्या अलीकडचं आमचं गाव त्यात होतं आणि गावाच्या खाली रामजी होता. मी भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, ती ओळ तीनदा वाचली. पणजोबा शिपाई! समुद्र ओलांडून लढाईला गेलेले! सोमवारी मी रामजीची चौकट ठळक केली, तिला निळा रंग दिला आणि ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरवर तक्ता काढून सानिकाला दाखवला. "भारी गं," ती म्हणाली. तिच्या पुस्तकातल्या सोळा पिढ्यांपुढे माझा हा एक माणूस मला पुरेसा वाटला.

अण्णांनी तो तक्ता बराच वेळ बघितला. मग घडी घातली.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्याच कागदांनी."

"कागदांना काय कळतंय," ते म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं, जुन्या दिवसांचा विषय नको म्हणून. आमच्या जुन्या दिवसांत आठवाव्यात अशा गोष्टी थोड्या आणि विसराव्यात अशा जास्त, हे कळण्याएवढी मी मोठी होते. म्हणून मी मागे लागले नाही.

त्याच जूनमध्ये सुजाताचा निकाल लागला. सुजाता माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दोन वर्षं ती स्वयंपाकघरातल्या कट्ट्याखाली उशी टाकून अभ्यास करत होती, कारण घरातला तेवढाच कोपरा कोणाच्या येण्याजाण्यात नव्हता. तिला मेडिकलला जागा मिळेल इतके गुण पडले. आळीतल्या बायका आरती करावी तशा तिच्याभोवती जमल्या. आमच्या क्वार्टर्समधून डॉक्टर कोणी झालं नव्हतं. जागा राखीव होती आणि त्यासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यायची होती. मुदत थोडी होती. अर्जासोबत वडिलांनी शपथेवर लिहून दिलेली वंशावळ हवी, असं पडताळणी कार्यालयाच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं तेव्हा मी जवळजवळ आनंदाने म्हणाले, "अहो, तयार आहे."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "तयार? लोक इथे येऊन रडतात."

मी घरी येऊन स्टॅम्पपेपरवर सुबक टाईप केलं. सुजाता, तिचे वडील, त्यांचे वडील सखाराम, त्यांचे वडील रामजी. अण्णा सही करायला बसले. पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून राहिले.

"पेन चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतंय," ते म्हणाले आणि सही केली.

मी माझ्या कामात कितीतरी वेळा लिहिलं असेल, की अमुक ठिकाणी प्रोग्रॅम क्षणभर थांबतो, कारण तपासावं. माझ्यासमोर माझे वडील थांबले होते आणि मी कारण तपासलं नाही.

वंशावळ एकटी पुरेशी नव्हती. जात सांगणारा जुना कागद हवा होता. अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध, कारण ते दीक्षेनंतर शाळेत गेले. म्हणजे आजोबांच्या शाळेतली नोंद शोधायला हवी. त्यांचा दाखला नदीत गेला तरी शाळेचं रजिस्टर गावात असणार. अण्णा म्हणाले, "मला रजा नाही." म्हणून मी एकटीच गेले. गावात आत्या होती, अण्णांची थोरली बहीण, तिथेच नात्यात दिलेली. ती माझ्याबरोबर शाळेत आली. ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. मुख्याध्यापकांनी लोखंडी पेटीतून कापडात गुंडाळलेलं रजिस्टर काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. ते एकेका ओळीवरून फूटपट्टी सरकवत होते आणि माझा श्वास त्या पट्टीबरोबर चालत होता. सखाराम रामजी कुठेच नव्हता.

"बाई, त्या चार-पाच सालांत एकच सखाराम आहे," ते म्हणाले. "सखाराम भागू. जात महार. राहणार महारवाडा. हे बघा."

आमच्या घरात कधी न उच्चारलेला तो शब्द तिथे काळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेला होता. मला वाटलं होतं, तो वाचताना काहीतरी होईल. पण माझी नजर शेजारच्या नावावर अडकली होती. मी आत्याकडे वळले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आत्या, भागू कोण?"

"चुलता की."

"कोणाचा?"

"तुज्या आज्याचा."

"मग आजोबांच्या नावापुढे चुलत्याचं नाव कसं?"

आत्याने पदराने तोंड पुसलं. "मला नगं इचारूस. तुज्या बापाला इचार. मी बोलले तर त्यो मला जन्मात दारात उभी करायचा न्हाय."

उतारा घेऊन मी परत निघाले. गाडीत समोरच्या बाईने पेरू कापून दिला, तो हातात तसाच राहिला. पाच दिवसांनी पडताळणीची सुनावणी होती. अर्जात आम्ही शपथेवर रामजी लिहून दिला होता, पुरावा भागूचा होता. कोणीही म्हटलं असतं की हा सखाराम वेगळा आणि तो सखाराम वेगळा. म्हणजे जातीचा पुरावा नाही, म्हणजे जागा नाही. आणि रामजीचं नाव एवढ्या ठामपणे, सुबक टाईप करून, कोणी दिलं होतं? मी. आपल्यालाही एक पुस्तकात छापण्याजोगा पणजा असावा म्हणून.

घरी पोचले तेव्हा अण्णा नुकतेच कामावरून आले होते आणि व्हरांड्यात बनियनवर बसून पायावर पाणी घेत होते. मी उतारा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओल्या हाताने तो घेतला नाही, नुसता वाचला. आत सुजाताच्या हातातलं पुस्तक मिटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"दार लोटून घे," अण्णा आईला म्हणाले. आणि मग, पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून, सांगायला लागले.

भागू आणि रामजी हे सख्खे भाऊ. रामजी लढाईवर गेला, परत आला, त्याला मूलबाळ नव्हतं, पुढे तापाने गेला. भागू गावचा येसकर. दवंडी द्यायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. आजोबा खडकीला कामाला लागायला आले तेव्हा दारात गर्दी होती आणि गर्दीत कोणीतरी सांगितलं, शिपायाच्या पोराला आधी घेतात. खिडकीत विचारलं, बापाचं नाव? वीस वर्षांचे आजोबा म्हणाले, रामजी. बाप काय करतो? लढाईवर होता, वारला. तेवढ्याने नोकरी मिळाली. तेवढ्यानेच येसकरकी सुटली, क्वार्टर मिळालं, अण्णा शाळेत गेले.

"मग आपले पणजोबा...?" सुजाताने दारातून विचारलं.

"भागू," अण्णा म्हणाले. "मी त्यांना बघितलंय. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. हरभरा, बाजरी, काहीतरी बांधून आणायचे. इथेच बसायचे, दाराजवळ, आत यायचे नाहीत." आजोबा चारचौघांत त्यांना काका म्हणत. म्हणून मुलंही काका म्हणत. कोण आलंय विचारलं की आजोबा सांगत, गावाकडचे चुलते. एकदा शेजारचा मिस्त्री तिथे उभा असताना आजोबांच्या तोंडून 'बा' निघून गेलं. मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. पण तो गेल्यावर म्हातारा आजोबांना हळूच म्हणाला, "काका म्हन, सकाराम. सवय मोडू नगंस." अण्णा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. ते शेजारी बसून हरभरे सोलत होते.

"आणि ते गेले तेव्हा तार आली," अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "बाप गेल्याची रजा मिळते. पण आमच्या वडिलांचा बाप कागदावर आधीच मेलेला. दुसऱ्यांदा कसा मारणार? ते कामावर गेले. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर गाडी धरली. तोवर गावाने सगळं उरकलं होतं."

समोरच्या मैदानात पोरांचं क्रिकेट चाललं होतं आणि कोणीतरी बाद झाल्याबद्दल भांडण पेटलं होतं. आपल्या वडिलांना आपल्या जातीची लाज वाटते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि त्यांना मनातल्या मनात माफही करत होते, मोठ्या तोऱ्यात. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. ते जात लपवत नव्हतेच. एका माणसाला त्याच्याच मुलाने बाप म्हटलं नाही, ही गोष्ट ते सांभाळून बसले होते.

"हे तिथे सांगितलं तर?" मी विचारलं.

"सांगितलं तर माझे वडील सरकारला खोटं बोलले. त्यांच्या खोट्यावर त्यांची नोकरी आणि त्यांच्या नोकरीवर माझी. नऊ वर्षं राहिलीत माझी अजून." मग सुजाताकडे न बघता म्हणाले, "न सांगितलं तर हिचं गेलं."

"मी बी.एस्सी. करते," सुजाता म्हणाली. "खरंच अण्णा, इट्स ओके. टेन्शन नका घेऊ." ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की आईने तोंडाला पदर लावला.

ते पाच दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांत आठवतात. गुलमोहराची फुलं व्हरांड्यात पडायची आणि कोणी झाडायचं नाही. सकाळचा भोंगा झाला की अण्णा नेहमीपेक्षा आधीच निघायचे. सुजाताने पुस्तकं कट्ट्याखालून काढून एका खोक्यात भरली, मग रागाने परत बाहेर काढली. माझ्या ऑफिसात संगणकावर तो तक्ता होता, निळ्या चौकटीसकट, आणि मी तो उघडायला धजत नव्हते. गंमत म्हणून खणायला लागावं आणि कुदळ घराच्या पायाला लागावी, तसं माझं झालं होतं. सानिका सहज म्हणाली, "तुझा तो शिपाई पणजोबा कसा आहे?" मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. कुलवृत्तांतातल्या सोळा पिढ्यांत कोणी खोटं बोललंच नसेल का? असेलच. पण त्यांना त्यासाठी बाप बदलावा लागला नसेल, एवढं नक्की. हा विचार मनात आला आणि मग मला सानिकाचाही राग आला, जिचा यात काही दोष नव्हता.

चौथ्या दिवशी मी तोडगा काढला. उर्फ. कितीतरी लोकांना दोन नावं असतात, पाळण्यातलं एक आणि हाकेचं एक. मी नवं प्रतिज्ञापत्र टाईप केलं, 'रामजी उर्फ भागू'. एका शब्दात सगळं वाचत होतं. सुजाताची जागा, अण्णांची नोकरी, आजोबांची अब्रू, आणि खरं सांगायचं तर माझा शिपाईसुद्धा. अण्णांनी ते वाचलं. "चांगलं केलंयस," म्हणाले. सही नंतर करतो, म्हणाले. मी कागद पिशवीत ठेवला आणि मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

सुनावणीच्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पूर्ण दिवसाची रजा टाकली. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. कार्यालयाच्या पायरीवर आत्या बसली होती. शेजारी तिची कापडी पिशवी, पायात भेगाळलेल्या वहाणा. मला धक्का बसला. गावातल्या फोनवाल्याकडे निरोप ठेवून अण्णांनीच तिला बोलावलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं.

आतमध्ये पंखा होता पण वारा नव्हता. बाकांवर आमच्यासारखीच माणसं, मांडीवर पिशव्या. एक म्हातारा आपल्या नातवाला पुन्हा पुन्हा पणज्याचं नाव पाठ करायला लावत होता. आमचा पुकारा झाला. टेबलापलीकडे अधिकारी बाई होत्या, शांत, थकलेल्या. शेजारी लिहून घेणारा कारकून. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"वंशावळीत तुम्ही रामजी लिहिलंय. शाळेत भागू आहे. मला तर हे दोन वेगळे सखाराम दिसतात."

मी पुढे झाले. "मॅडम, त्याचं असं आहे, एक प्रतिज्ञापत्र आणलंय..." आणि पिशवीतून उर्फचा कागद काढून टेबलावर ठेवला. तो पलीकडे सरकवणार तेवढ्यात अण्णांनी त्यावर पंजा ठेवला. जोरात नाही, पण कागद हलला नाही.

"ते राहू दे," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "सखाराम एकच. माझे वडील. शाळेत आहे ते खरं आहे. फॅक्टरीत त्यांनी नोकरीसाठी बापाचं नाव बदललं. वंशावळीत मीही तेच खोटं लिहून दिलं, ते चुकलं. ही माझी बहीण, हिला सगळं माहीत आहे."

सुजाताने माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती. बाईंनी दोन्ही कागद बाजूला सारले. "तुम्ही कुठे आहात नोकरीला?"

"तिथेच."

"म्हणजे तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सांगताय?"

"कळतंय."

"आवो बाई, कवाधरनं कळतंय त्याला," आत्या मागून म्हणाली. "पन आमचा आजा कुटंच लागला न्हाई. ना कागदावं, ना त्वांडात."

पुढचं आज मला माहीत आहे. आत्याचा जबाब झाला, गावच्या दप्तरात भागूच्या मुलांच्या नावांचा एक जुना कागद मिळाला, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी सुजाताचं प्रमाणपत्र हातात पडलं. फॅक्टरीत कोणी काही विचारलं नाही. अण्णा मात्र नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, साहेबांचं बोलावणं आलं की एकदा घरी फोन करून मगच केबिनमध्ये जात. हे सगळं नंतरचं. त्या टेबलासमोर उभे असताना त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबी नोकरी गेलेली होती आणि मुलीची जागा मिळेलच असंही नव्हतं.

बाईंनी मान हलवली. "लिहून घ्या यांचं."

कारकुनाने कोरा कागद घेतला, समास पाडला, अण्णांचं नाव, वय, पत्ता लिहिला. मग मान वर न करता विचारलं, "भागू. हे तुमचे कोण?"

"का..." अण्णांच्या तोंडून निघालं, आणि ते थांबले. आयुष्यभर त्या माणसाला त्यांनी एकाच नावाने हाक मारली होती. त्यांनी टेबलाची कड धरली. आत्या जागची उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबा," अण्णा म्हणाले.

"सख्खे की चुलत?"

"सख्खे."

कारकुनाने आता मान वर केली, कारण समोरचा माणूस रडत होता. पेन तसंच हातात राहिलं.

"अहो, लिहा ना," अण्णा म्हणाले. "सख्खे."